घरी मॅच, हॉलमध्ये पंधरा माणसं: खाण्यापिण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा हॉल काही फार मोठा नाही, पण भिंतीवरचा टीव्ही दारातूनही दिसतो. एवढ्या एका कारणावरून गेली काही वर्षं नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या घरी मोठी मॅच म्हटली की बारा-पंधरा माणसं ठरलेली. मग नणंद विचारते, ऑफिसातली मैत्रीण विचारते, खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात. फोनवर सांगून सांगून थकले, म्हणून एकदाचं लिहून काढलं. आकडे पंधरा मोठ्या माणसांचे आहेत. आठच येणार असतील तर निम्मे करा, पाव तेवढे हात सैल सोडून घ्या.

सुरुवात कुठून करायची? मेनू आधी की यादी आधी?

आधी घड्याळ. आयपीएलची संध्याकाळची मॅच साडेसातला सुरू होते, टॉस सातला. पहिला डाव सव्वानऊच्या आसपास संपतो, मधे साधारण वीस मिनिटांची सुट्टी, आणि दुसरा डाव सव्वाअकरा-साडेअकरापर्यंत. प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट: एक सहाव्या ते नवव्या षटकाच्या दरम्यान, दुसरा तेराव्या ते सोळाव्याच्या. म्हणजे तुमच्या हातात एक मोठी खिडकी आणि चार फटी आहेत. जेवण म्हणण्यासारखं जे काही असेल ते त्या वीस मिनिटांत वाढून व्हायला हवं. टाइमआउटमध्ये फार तर पेले भरून होतात, भजी तळून होत नाहीत.

माझा नियम एकच आहे: जी करते तिलाही मॅच बघता आली पाहिजे. जो करतो त्यालाही, अर्थात. मॅच सुरू झाल्यावर गॅसवर मंद आचेच्या पातेल्याशिवाय काही नको. तळण नाही, तव्यावरचं नाही, 'गरमागरम एकेक काढून देते' तर मुळीच नाही.

हा नियम मला २९ जून २०२४ च्या रात्री सुचला. टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सोळा हव्या, हार्दिकच्या हातात चेंडू. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, अजून चार पाव मिळतील का शेकून?" सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला तेव्हा मी ओट्यापाशी बटर लावत होते. बाहेर एकदम आरडाओरडा. मी कालथा घेऊन धावले, तर समोर रिप्ले. तो झेल मी नंतर शंभरदा बघितला असेन, पण पहिल्यांदा नाही बघितला. पाव करपले ते वेगळंच.

मिसळच का? दरवेळी मिसळ कंटाळवाणी नाही होत?

नाशिकमध्ये हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक बाहेरून आलेला असतो. पण खरं कारण चव नाही, सोय आहे. मटकी आणि रस्सा दुपारीच करून ठेवता येतात, आणि रस्सा मुरल्यावर उलट चांगला लागतो. वाढायला कुणी लागत नाही, ज्याचं त्याने घ्यावं. तिखट किती हवं तेही ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय फरसाण, कांदा, दही, पापड हे सगळं थंडच असतं.

पंधरा माणसांना कोरडी मटकी पाऊण किलो पुरते. मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त भरते. भिजवायला आठ-दहा तास, मग फडक्यात बांधून अर्धा दिवस. हे उन्हाळ्याचं गणित. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की इथेही मोड रुसतात. तेव्हा दोन दिवस आधी भिजवा, आणि पुरचुंडी जाड टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये किंवा पिठाच्या डब्याशेजारी ठेवा. मटकी कुकरला लावू नका. हळद-मीठ घालून उघड्या पातेल्यात शिजवा, दाणा बोटाने दाबला तर दबावा पण फुटू नये.

रस्सा पाच लिटर. जास्त वाटतं, पण 'जरा रस्सा' म्हणत प्रत्येक जण दोनदा येतो. आठ कांदे उभे चिरून खरपूस भाजायचे, दोनशे ग्रॅम सुकं खोबरं विस्तवावर काळपट होईस्तोवर भाजायचं, आलं, लसूण, कोथिंबिरीचे देठ, सगळं बारीक वाटायचं. तेल सढळ हाताने, पाव लिटरच्या खाली नाही. वाटण तेल सुटेपर्यंत परतलं की मग काळा मसाला, आणि वरून उकळतं पाणी. गार पाणी ओतलंत तर तर्री वर येत नाही, हे माझ्या सासूबाईंचं म्हणणं. मी एकदा घाईत नळाचं पाणी ओतून त्यांना बरोबर ठरवलेलं आहे.

वरची तर्री डावाने काढून वेगळ्या वाटीत ठेवा. खाली उरतो तो रस्सा मुलांना आणि ॲसिडिटीवाल्यांना चालतो, आणि हौशी मंडळी वाटीतून ओतून घेतात. दोन पातेली करायची गरज नाही.

बाकीचा हिशोब असा: पाव अठ्ठेचाळीस, म्हणजे सहाच्या आठ लाद्या, त्याच दुपारी बेकरीतून आणलेल्या आणि सुती फडक्यात झाकलेल्या. शेव-फरसाण मिळून एक किलो. कांदा सव्वा किलो, पण चिरायचा सहाच्या पुढे, आधी चिरला की घरभर वास. लिंबं डझनभर, दही एक किलो, कोथिंबिरीची मोठी जुडी. उडदाचे पापड वीस, दुपारी तळून हवाबंद डब्यात. पाव शेकायचे नाहीत. कारण वर सांगितलं आहे.

सात वाजता आलेल्या लोकांना लगेच काय द्यायचं?

चिवडा. नाशिकच्या चिवड्याइतकं या कामाला योग्य दुसरं काही नाही. एका हाताने खाता येतो, टीव्हीवरची नजर न काढता खाता येतो, आणि पोट भरत नाही. पाऊण किलो आणा. वर बारीक कांदा, कोथिंबीर आणि लिंबू, पण एकदम सगळ्यावर नाही. मोठ्या परातीत कालवलेला चिवडा वीस मिनिटांत मऊ पडतो आणि मग तो कुणी खात नाही. कोरडा चिवडा एका भांड्यात, कांदा-लिंबू शेजारी.

भेळभत्ताही चालतो, त्यालाही हाच नियम.

पाववडे बाहेरून मागवले तर?

स्वतः जाऊन आणणार असाल तर उत्तम. घरपोच मागवणार असाल तर भारताच्या मॅचच्या दिवशी देवाचं नाव घ्या. अख्खं कॉलेज रोड आणि गंगापूर रोड त्याच वेळी तेच मागवत असतं. आम्ही एकदा चाळीस पाववडे सांगितले होते, वेळ साडेसातची. आले पावणेदहाला. पाववडा गार झाला की बाहेरचं बेसन ओलं, आतला पाव लगदा, आणि त्याच्या आतला बटाटा एकटा बिचारा शाबूत. साडेसहाच्या आत पिशवी तुमच्या हातात असेल तरच मागवा, आणि डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवा, वाफ कोंडली की कुरकुरीतपणा गेला.

वन-डेची फायनल दुपारी दोनला सुरू होते. तेव्हा काय?

तेव्हा निरोपातच लिहा: 'जेवून या.' संकोच करू नका. दोनला सुरू झालेली मॅच रात्री साडेनऊ-दहापर्यंत चालते, त्यात दुपारचं जेवणही तुम्हीच द्यायचं ठरवलंत तर तुम्ही लग्नघरच मांडलंत. साडेतीनला ड्रिंक्स-ब्रेकच्या सुमारास चहा, साडेपाचला पहिला डाव संपला की खरं खाणं, आणि साडेआठनंतर ताक-भात किंवा मसालेभात ज्यांना हवा त्यांना.

मॅच पुढे ढकलली जाईल हेही धरून ठेवा. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत महिला विश्वचषकाची फायनल तीनला सुरू व्हायची ती पावसामुळे पाचला झाली आणि संपता संपता मध्यरात्र गाठली. आपण दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं म्हणून कुणाला भुकेची आठवण झाली नाही, पण मुलांनी नऊलाच फ्रिज उघडायला सुरुवात केली होती. तेव्हापासून घरात शेवयांची दोन पाकिटं आणि एक डझन अंडी जास्तीची असतात. रात्री अकराला अंडाभुर्जी दहा मिनिटांत होते आणि उरलेले पाव संपतात.

मॅचच्या दिवशी उपवास आला तर?

येतोच. भारत-पाकिस्तान आशिया कप फायनल झाली ती २८ सप्टेंबर २०२५ ला, ऐन नवरात्रात. आमच्याकडच्या चौदांपैकी पाच जणी नऊ दिवसांच्या उपवासाच्या. त्यांना वेफर्सची वाटी हातात देऊन मोकळं होणं बरं दिसत नाही.

साबुदाण्याची खिचडी हा पहिला विचार असतो आणि तो चुकीचा आहे. खिचडी गार झाली की दाणे एकमेकांना धरून बसतात. भगर करा आणि दाण्याची आमटी. पाच जणींना अर्धा किलो भगर भरपूर होते. आमटी मंद गॅसवर राहते, भगर आमटीने पुन्हा मोकळी होते, वर बटाट्याचा चिवडा टाकला की ती उपवासाची मिसळच. त्या दिवशी उपवास नसलेल्यांनीही तीच मागितली आणि मटकी उरली. तेव्हापासून उपवासाचं करायचं असेल तर उपवासवाल्यांच्या दीडपट करते.

भांडी आणि डाव वेगळे ठेवा. कांद्याचा चमचा आमटीत गेला की त्या बिचाऱ्या काही बोलत नाहीत, फक्त खात नाहीत.

कांदा-लसूण न खाणारे, जैन पाहुणे?

मटकी फोडणी न देता हळद-मिठात शिजवलेली असते, म्हणून त्यातली दोन वाट्या आधीच बाजूला काढा. जिरं-हिंग-कढीपत्त्याची फोडणी, टोमॅटो, गूळ-आमसूल. रस्सा नको, दही जास्त. फरसाणाच्या पुडीवर लसूण आहे का ते वाचा, लसूण शेव सर्रास घातलेली असते. मुळात मोडाचं कडधान्य चालतं का हेही विचारून घ्या, काही जण तेही टाळतात.

नॉनव्हेज ठेवावं का?

वार बघा. मोठ्या मॅच शनिवार-रविवारी असतात आणि शनिवारी न खाणारी माणसं दर घरात दोन निघतात. रविवारी ठेवायचं तर हाडाचं नको. सोफ्यावर बसून नळी फोडणारा माणूस एक डोळा टीव्हीवर ठेवतो तेव्हा रस्सा कुठे जातो हे मी बघितलेलं आहे. भाकरी-मटणाला दोन हात आणि मांडी घालून बसलेलं शरीर लागतं. ते मॅचनंतर, जिंकल्यावर, दुसऱ्या दिवशी.

पिण्याचं काय? कोल्ड्रिंकच्या बाटल्या पुरेत ना?

तिखट मिसळीवर गोड फेसाळ पाणी प्यायलं की तोंड अजून पेटतं. ताक ठेवा. सव्वा किलो दह्याचं चार लिटर पातळ ताक होतं, त्यात जिरेपूड, काळं मीठ, ठेचलेलं आलं. एप्रिल-मेमध्ये कैरीचं पन्हं, तेही गर आधी करून ठेवून. पाहुण्यांनी पेल्यात दोन चमचे गर घ्यावा आणि पाणी ओतावं. पाण्याचा वीस लिटरचा जार एक. बर्फ चार-पाच किलो. फ्रिजच्या ट्रेवर विसंबू नका, तो पहिल्या पॉवरप्लेतच संपतो.

फेब्रुवारी ते एप्रिल असेल तर द्राक्षं. धुऊन, देठापासून सुटी करून, तासभर फ्रीजरमध्ये. दुसऱ्या डावात शेवटची पाच षटकं राहिली की वाडगा फिरवायचा. तेव्हा कुणालाही भूक नसते, पण हाताला काहीतरी चाळा लागतो. ज्या गावात द्राक्षं पिकतात तिथे पाहुण्यांना वेफर्स द्यायचे म्हणजे कमालच.

वाईन?

नाशिकात राहून हा प्रश्न येणारच. ठेवायची तर पांढरी, शेनिन ब्लांकसारखी, किंचित गोडसर. तिखट-खारट चिवड्याबरोबर ती छान जाते. फ्रिजमध्ये तीन तास आधी. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलीत पाच पेले होतात, तेवढ्यावर हिशोब. लाल वाईन आणि तर्री एकत्र आणू नका, दोघींचंही नुकसान.

कायद्याचं थोडक्यात: महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं, कडक दारूसाठी २५, आणि पिण्याचा परवाना काढायचा असतो. ड्राय डे आहे का ते कॅलेंडरवर बघा. घरी गाडी चालवत जाणाऱ्याला पेला देऊच नका. आमच्याकडे ज्याने घेतली त्याची किल्ली चपलांच्या कपाटावरच्या वाडग्यात पडते आणि तो रिक्षाने जातो. पहिल्यांदा दोघांना राग आला होता.

पाहुणे विचारतात 'काय आणू?' काय सांगायचं?

'काही नको' म्हणू नका. तसं म्हटलं की तीन जण आइस्क्रीम आणतात आणि फ्रीजरमध्ये जागा नसते. एकाला बर्फ, एकाला ताक, एकाला पाव, अशी नावं घेऊन सांगा. पाव वेळेवर येणाऱ्यालाच सांगा. प्रत्येक ग्रुपमध्ये एक माणूस दुसऱ्या डावाला येतो, त्याला मुखवास सांगा.

वाढायचं कुठे?

टीव्हीच्या खोलीत नाही. डायनिंग टेबलावर किंवा ओट्यावर ओळ लावा: डिश, मटकी, रस्सा, तर्री, फरसाण, कांदा, लिंबू, दही, शेवटी पाव. पाव सुरुवातीला ठेवले की लोक एका हातात पाव धरून डाव हाताळतात आणि मग सांडतात. खोल स्टीलच्या डिश सगळ्यात बऱ्या. कमी पडल्या तर पत्रावळी-द्रोण आणा. थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लॅस्टिकचे पेले राज्यात २०१८ पासून बंद आहेत. द्रोणात मात्र मिसळ नको, तळाशी रस्सा पाझरतो. द्रोण चिवड्याला.

ओला आणि सुका कचरा रात्रीच वेगळा करा. सकाळी घंटागाडीची गाणी ऐकू आल्यावर दोन पिशव्यांतून लिंबाच्या साली वेचणं हा काही विजयोत्सव नाही.

लाइट गेले तर?

इन्व्हर्टरवर टीव्ही आणि राउटर चालतात, इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह नाही. म्हणून रस्सा गॅसवरच. आणि एक फुकटचा सल्ला: तुम्ही मोबाइल ॲपवरून मॅच लावली असेल आणि शेजारी डिशवर बघत असतील, तर विकेट त्यांच्याकडे आधी पडते. भिंतीपलीकडून ओरडा आला की तुमच्याकडे गोलंदाज अजून पळत असतो. अशा वेळी चिवड्याचा वाडगा भरायला उठावं, काही चुकत नाही.

फुटबॉलसाठी हेच चालेल?

नाही. पंचेचाळीस मिनिटं कुणी हलत नाही आणि मध्यंतर पंधरा मिनिटांचं. त्यातून २०२६ चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, म्हणजे आपल्याकडे बहुतेक सामने रात्री उशिरा किंवा पहाटे. मध्यरात्री मिसळ खाऊन सकाळी ऑफिस नको. थर्मासात चहा, टोस्ट-खारी, आणि पहाटेची मॅच असेल तर संपल्यावर पोहे. पोहे भिजवायला मॅचनंतरची पाच मिनिटं पुरतात.

उरलेलं किती वेळ ठेवायचं?

रस्सा उकळी आणून गार करून फ्रिजमध्ये, दोन दिवस. दही घातलेलं काहीही रात्री बाहेर राहिलं असेल तर टाकून द्या. मोकळी मटकी दुसऱ्या दिवशी डब्यात उसळ म्हणून जाते, आणि मुलं ती ओळखतात.

पेढे आधी आणून ठेवावेत का?

नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला आम्ही किलोभर आणले होते. दहाच्या दहा मॅच जिंकून वन-डे विश्वचषकाच्या फायनलला आलेली आपली टीम, शिवाय लक्ष्मीपूजन होऊन आठवडाच झालेला, घरात फराळाचे डबे अजून अर्धे, तरी मुद्दाम ताजे पेढे. ऑस्ट्रेलियाचा ट्रॅव्हिस हेड खेळत राहिला आणि तो पुडा फ्रिजवर तसाच. शेवटी मंडळी चपला घालून निघाली तेव्हा कुणालाही 'पेढा घ्या' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. सकाळी घंटागाडी आली. कचरा दिला आणि पुडाही दादांच्या हातात ठेवला. त्यांनी उघडून बघितलं, विचारलं, "ताई, कशाचे पेढे?"

"असेच," म्हटलं.